सुएटच्या जागी तूप का चालत नाही

तुम्ही स्पॉटेड डिकमध्ये (मनुके घातलेलं वाफवलेलं इंग्रजी पुडिंग) सुएटऐवजी साजूक तूप पातळ करून घातलंत, दीड तास वाफवलंत, तरी ते आतून गच्च, तेलकट आणि वरून ओलं झालं. यात दोन वेगळ्या चुका आहेत.

मोठी चूक तुपाची. सुएट म्हणजे गुरांच्या गुर्द्यांभोवतीची टणक चरबी. ती लोण्यातुपापेक्षा उशिरा वितळते. तोवर भोवतालचं पीठ शिजून घट्ट धरू लागलेलं असतं. मग चरबी वितळून त्यात मुरते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुडिंगचा हलकेपणा बराचसा या पोकळ्यांचा. तुमचं तूप तर कालवतानाच पिठात जिरलं, मग पोकळ्या कुठून येणार? आमच्याकडे बीफ चालत नाही, म्हणून मी व्हेजिटेबल सुएट आणते. इकडे इंग्लंडात ते सुपरमार्केटात सहज मिळतं. तुम्हाला नाहीच मिळालं तर लोण्याची वडी फ्रीजरमध्ये दगडासारखी होऊ द्या, जाड किसणीवर किसा आणि कीस लगेच मैद्यात घोळवा. अगदी तसंच होत नाही, पण तुपापेक्षा खूपच बरं.

माझं प्रमाण: 300 ग्रॅम मैदा, 4 छोटे चमचे बेकिंग पावडर, 150 ग्रॅम सुएट, 150 ग्रॅम करंट्स (बारीक काळे मनुके), 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि 200 मिलीच्या आसपास दूध. पीठ चमच्यावरून जड थेंबासारखं पडलं पाहिजे. मळू नका.

आता वरचा ओलेपणा. झाकणावरचं पाणी थेट पुडिंगवर ठिबकलं असणार. भांड्यावर बटर पेपर आणि फॉइल एकत्र ठेवा, मधोमध दोन बोटांची चुणी घाला आणि काठाखाली सुतळीने करकचून बांधा. पुडिंग फुगतं तेव्हा ती चुणी उलगडते. ताणून बसवलेला कागद फाटतो नाहीतर पुडिंग दाबून ठेवतो. पाणी भांड्याच्या निम्म्यापर्यंत, तेही उकळतं. पहिला अर्धा तास झाकण उघडायचंच नाही. पातेल्याच्या तळाशी एक नाणं टाकून ठेवा. खडखड थांबली की पाणी संपत आलं. मग उकळतंच पाणी ओता, नळाचं नाही. माझं पहिलं पुडिंग मी फोनवर बोलत बसल्यामुळे कोरड्या पातेल्यात करपलं होतं. तो वास दोन दिवस पडद्यांना होता.

कुकर वापरायचाच असेल तर पहिली 15 मिनिटं शिट्टी न लावता वाफवा. सुरुवातीलाच दाब आला तर पुडिंग नीट फुगत नाही.

अंड्याचं विचारलंत, तर यात अंडं नाहीच. सोबतचं गरम कस्टर्डही पावडरचं करा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये ती पावडर केली, तेही बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. उरलेल्या पुडिंगचे दुसऱ्या दिवशी जाड काप करून तव्यावर परता. तिथे हवं तेवढं तूप घाला.