जर्मनीतल्या कोबुर्ग शहराच्या मानचिन्हावर काळ्या माणसाचं डोकं का आहे?

तुम्ही विचारलंय की सोनेरी ढालीवरचं, कानात डूल घातलेलं ते डोकं गुलामाचं आहे, की वसाहतींच्या काळात कुणी केलेली थट्टा आहे. दोन्ही नाही. ते संत मॉरिस आहेत, कोबुर्गचे रक्षक संत. आपल्या भाषेत ग्रामदैवतच म्हणा.

कथा अशी: मॉरिस हे इजिप्तमधल्या थीब्जच्या ख्रिस्ती सैनिकांच्या रोमन पलटणीचे सरदार. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, त्यांनी सम्राटाचा हुकूम धर्माविरुद्ध म्हणून मानला नाही आणि पलटणीसकट जीव गमावला. यात इतिहास किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण भक्ती मात्र जर्मनीभर पसरली. जर्मन राजा ऑटो पहिला याने ९३७ मध्ये माग्देबुर्ग शहरात त्यांच्या नावाने मठ स्थापला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये साधारण १२४०-५० चा त्यांचा पुतळा आहे. अंगात कड्यांचं चिलखत, चेहरा स्पष्ट आफ्रिकी, आणि थट्टेचा मागमूस नाही. मॉरिस यांना कृष्णवर्णीय दाखवायची रीत इथून रुळली असं मानतात.

कोबुर्गचं मुख्य चर्चही त्यांच्याच नावाचं. १५३० मध्ये कोबुर्गला मुक्कामाला असलेल्या मार्टिन ल्यूथरने, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या धर्मसुधारकाने, या चर्चमध्ये प्रवचनं दिली. शहर प्रोटेस्टंट झालं, संतपूजा मागे पडली, पण मॉरिस काही हलले नाहीत. गटाराच्या झाकणांवरही त्यांचं डोकं ओतलेलं असतं! टाउन हॉलच्या माथ्यावर हातात दंड घेतलेली त्यांची मूर्ती आहे, तिला लोक लाडाने 'सॉसेजवाला' म्हणतात. कोबुर्गचं सॉसेज त्या दंडाच्या लांबीचं, म्हणजे ३१ सेंटीमीटरचं असावं, असा समज आहे. ते पाइनच्या बोंडांच्या विस्तवावर भाजतात.

 

आता वर्णद्वेषाचा मुद्दा. १९२९ मध्ये कोबुर्गच्या नगरपरिषदेत नाझींना स्पष्ट बहुमत मिळालं, जर्मनीतल्या कुठल्याही शहराच्या आधी. काळा माणूस शहराचं प्रतीक असणं त्यांना खपणारं नव्हतंच. १९३४ मध्ये त्यांनी डोकं काढून तिथे तलवार आणली, मुठीच्या टोकावर स्वस्तिक. १९४५ मध्ये राजवट कोसळल्यावर मॉरिस परतले. पुढे २०२० मध्ये नेमकी उलट्या बाजूने मागणी आली: हे चित्र वर्णद्वेषी आहे, काढून टाका. ऑनलाइन याचिका निघाली, तिच्या विरोधात दुसरी निघाली, आणि चिन्ह जागेवरच राहिलं.

माझं मत विचाराल तर संताला हटवू नये. नाझींनी जे केलं तेच वेगळ्या कारणाने पुन्हा कशाला करायचं? पण आक्षेप घेणारे अगदीच चुकतात असंही नाही. जाड लाल ओठ आणि डूल असलेल्या त्या डोक्यात संताची एकही खूण नाही. ना चिलखत, ना प्रभामंडळ. माहिती नसलेल्या माणसाला ते व्यंगचित्रच वाटणार, तुम्हालाही वाटलंच. तेव्हा मॉरिस ठेवावेत आणि चित्र नव्याने काढावं. नमुना शोधायला लांब जायला नको, माग्देबुर्गचा पुतळा आहेच.