खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन कसं वाढवू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २२, उंची ५ फूट ८ इंच, वजन ४९ किलो, पुण्यात होस्टेलला राहतोस, जेवण मेसचं. 'लहानपणापासून असाच आहे, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही' असं लिहिलंयस. पावडर घेऊ का विचारलंयस, आणि मार्गशीर्षात बहिणीचं लग्न आहे, तोवरच्या पाच महिन्यांत १० किलो वाढेल का, हेही. मी कराडकडचा, आता ३६ चा. तुझ्या वयात माझी उंची ५ फूट ७ इंच होती आणि वजन ४६. धाकटा भाऊ समजून एकेरीत लिहितो.

'पाप्याचं पितर', 'काडी', 'वारा आला की धरून ठेवा रे याला' हे सगळं मी ऐकलंय. जाड माणसाला तोंडावर बोलायला लोक थोडे तरी कचरतात, बारीक माणसाला मात्र पंगतीत सगळ्यांसमोर विचारतात की घरी जेवायला घालत नाहीत का. माझ्या आईला ते फार लागायचं. मी एप्रिलच्या उन्हातही आत दोन बनियन घालून वर शर्ट घालायचो. म्हणून तुझ्या प्रश्नातली घाई मला कळते. तरीही सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून कर.

कारण सांगतो. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा, साधारण १६.४ येतो. १८.५ च्या खाली वजन कमी धरतात आणि तुझ्या उंचीला ती रेषा ५५ किलोवर आहे. म्हणजे तू नुसता 'सडपातळ' नाहीस. लहानपणापासून एकाच चणीचा असशील, आईवडीलही तसेच असतील, तर बहुतेक काही निघणार नाही. पण हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एकदा बघून घे. छातीत धडधड, हात थरथरणं, सारखं गरम होणं असेल तर थायरॉइडकडे बोट जातं. भूक आणि तहान खूप, लघवीला सारखं जावं लागतं आणि तरी वजन उतरतंय, तर साखर. गव्हाचं खाल्लं की पोट बिघडत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती लगेच करायची. आणि काही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरलं असेल (तुझ्या बाबतीत अडीच किलो), तर हे पुढचं सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.

आता त्या 'अंगी लागत नाही'बद्दल.

मीही हेच म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की औषध नंतर देतो, आधी आठ दिवस एका वहीत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून आण. मला राग आला होता. पण लिहिलं. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. अकराला पुन्हा चहा. दुपारी डब्यातल्या तीन पोळ्या, त्यातली एक उरायची. संध्याकाळी चहा. रात्री नऊला भात-आमटी, तीही पोट भरल्यासारखं वाटेपर्यंत. शुक्रवारी मित्रांबरोबर बिर्याणी हाणली होती, दोन प्लेट. 'मी भरपूर खातो' असं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ती बिर्याणीच असायची. वहीत मात्र शनिवारच्या पानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन चहा आणि एक केळं एवढंच होतं. भूकच लागली नव्हती. डॉक्टरांनी बेरीज केली तर दिवसाची सरासरी १७०० कॅलरीच्या आसपास आली. माझा अंदाज अडीच हजारांचा होता.

तू खोटं बोलतोयस असं मी म्हणत नाही. पोट लवकर भरणाऱ्या माणसाला आपण खूप खाल्लं असंच वाटतं. शिवाय तुझ्या म्हणण्यात एक खरी गोष्टही आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १६ जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कोणाची चार किलोंच्या वर. फरक कशात होता? ज्यांचं वाढलं नाही ती माणसं जास्त खाल्ल्यावर नकळत जास्त हलत होती. उठबस, पाय हलवणं, उभं राहणं, चुळबुळ. मी फोनवर बोलताना खोलीभर फेऱ्या मारतो, खुर्चीत बसलो तरी गुडघा हलत असतो. तुझंही असंच असेल तर काही जणांचं शरीर जास्तीचं इंधन असं उडवून टाकतं हे लक्षात ठेव. याचा अर्थ वाढ होणारच नाही असा नाही. दुसऱ्याला जेवढं पुरतं तेवढं तुला पुरणार नाही आणि एक दिवस चेपून खाऊन काहीच होणार नाही, एवढाच अर्थ. रोज थोडं जास्त, आणि रविवारीही.

किती जास्त? रोज ३०० ते ५०० कॅलरी. ऐकायला मोठं वाटतं, पण जेवण दुप्पट करायचं नसतं. पाव लिटर फुल क्रीम दूध (सहा टक्के फॅटचं, टोण्ड नको) म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. मूठभर भाजलेले शेंगदाणे, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे १७०. आमटीभातावर दोन चमचे तूप म्हणजे ९०. झाल्या की पावणेपाचशे, आणि पोटाला फारसं जडही नाही. तेलातुपात आणि दाण्यांतल्या चरबीत एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पोळीभाताच्या पिठूळ भागात चार. बारीक माणसाने भाताचा डोंगर उपसत बसण्यापेक्षा आहे त्याच ताटात दाण्याचं कूट, खोबरं, तूप, दही घालावं. आपल्याकडच्या बायका बाळंतिणीला आणि वाढत्या पोरांना हेच करून घालत आल्यात. थंडीत घरून डिंकाचे लाडू मागव, डबाभर. एकेका लाडवात दीडदोनशे कॅलरी सहज असतात आणि ते होस्टेलच्या कपाटात राहतातही. दूध नुसतं जात नसेल तर शिकरण कर. दूध-केळं एकत्र चालत नाही असं तुला कोणी सांगेल. आमच्या घरी तीन पिढ्या शिकरण-पोळी खातायत, माझं त्यावरच तर भागलं.

मेसमध्ये राहून मी ज्या गोष्टी बदलल्या त्या अशा. जेवणाआधीचा चहा बंद केला, कारण तो भूक मारतो आणि जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोहही नीट लागू देत नाही. जेवायला बसताना तांब्याभर पाणी प्यायची सवय मोडली. पाणी नंतर. सकाळी चहा-बिस्किटांऐवजी दोन उकडलेली अंडी आणि दूध, संध्याकाळी साडेपाचला दाणे-गूळ किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ, झोपायच्या आधी पुन्हा दूध. म्हणजे दिवसातून पाच वेळा खाणं. पहिले दोन आठवडे पोट गच्च वाटलं, गॅसेस झाले, एकदा तर सगळं सोडून द्यावंसं वाटलं. म्हणून एकदम पाचशे वाढवू नकोस. पहिल्या आठवड्यात फक्त दूध, दुसऱ्यात दाणे, असं चढत जा.

यानंतरची चूक मी केली, ती तू करू नकोस. पहिले चार महिने मी नुसतं खाल्लं. तीन किलो वाढलं, मला आनंद झाला, आईने तर शेजारी पेढे वाटले. मग टेप लावून बघितलं. कंबर दोन इंच वाढली होती आणि दंड होता तेवढाच. हात काडीसारखे आणि वर छोटं पोट.

हे आपल्याकडे फार होतं आणि त्यावर जगात गाजलेलं काम पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक-पण-चरबीवाला' भारतीय जगापुढे मांडला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं. वजन इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूप कमी, सरासरी २.७ किलो, पण ती घट स्नायूंत आणि अवयवांत जास्त, त्वचेखालच्या चरबीत कमी. म्हणजे आपल्यातला लुकडा माणूसही पोटावर चरबी धरून मधुमेहाच्या वाटेला लागू शकतो. काट्यावरचा आकडा वाढला की काम झालं असं मानलंस तर तू त्याच वाटेने जाशील. तुला वजन नकोय, तुला मांस हवंय. ते मांडीवर, पाठीवर, खांद्यावर चढायला हवं आणि ओझं उचलल्याशिवाय ते चढत नाही.

'व्यायाम केला तर आहे तेही झडेल' ही भीती मलाही होती. झडतं ते रोज तासभर धावून आणि वर पोटभर न खाऊन. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, वजनाचा व्यायाम कर. जिम परवडत नसेल तर जोर आणि बैठका. सुरुवातीला माझे सलग सहा जोर निघायचे नाहीत. मी पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून बैठका मारायचो आणि दर आठवड्याला एक पुस्तक वाढवायचो. यातलं 'वाढवायचो' महत्त्वाचं. तेच ओझं, तेवढेच आकडे वर्षभर केले तर शरीराला नवं मांस बांधायचं कारण उरत नाही. पुढे जिम लावलं, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) आणि खांद्यावरून वजन ढकलणं, बस एवढंच. आरशासमोर नुसते दंड फुगवण्यात जाणारा वेळ मांड्या आणि पाठीला दे, मोठे स्नायू तिथे आहेत.

मांस बांधायला प्रथिनं लागतात. एरवीच्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजन उचलणाऱ्याने १.२ ते १.६ पर्यंत जावं. तुझ्यासाठी ६० ते ८० ग्रॅम. चार अंडी म्हणजे २५, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण १५, मूठभर दाणे ७-८, बाकी पोळ्यांतून. अंडी खात नसशील तर सोयाबीनच्या वड्या घे, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्या किराणा दुकानात मिळतात. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस.

पावडरीचं. 'मास गेनर' म्हणून जे मोठे डबे मिळतात त्यातलं बरंचसं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेसारखंच पीठ, आणि थोडी दुधाची प्रथिनं. विष नाही, पण त्या पैशांत महिनाभराचं दूध, अंडी, दाणे येतात. मला खरी भीती वाटते ती लेबल नसलेल्या पुड्यांची आणि 'महिन्यात फरक' म्हणून हातात ठेवल्या जाणाऱ्या गोळ्यांची. माझ्या रूम पार्टनरने असं एक चूर्ण घेतलं होतं. महिन्याभरात सहा किलो वाढलं, चेहरा गोल झाला, आम्ही सगळे त्याला विचारत होतो की काय खातोस. मग पाय सुजले, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड आहे. ते वजन म्हणजे बरंचसं पाणी आणि चरबी होती. वर ते एकदम बंदही करता येत नव्हतं, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. त्याला हळूहळू कमी करत सोडवायला डॉक्टरांना काही महिने लागले. तू असं काही आधीच घेत असशील तर स्वतःहून थांबवू नकोस, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. भूक वाढवायची म्हणून ॲलर्जीची एक गोळीही सर्रास दिली जाते. तिने भूक लागते आणि झोपही येते, पण बंद केली की भूक पुन्हा जाते.

मोजमाप आठवड्यातून एकदाच कर, सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. रोज बघितलंस तर पाण्याच्या चढउताराने वेड लागेल. महिन्यातून एकदा बेंबीशी कंबर, दंड आणि मांडी टेपने मोज. कंबर इतरांपेक्षा जोरात पळायला लागली तर खाणं जरा कमी कर आणि व्यायाम बघ. मला ४६ वरून ५५ ला यायला चौदा महिने लागले, मधे डेंग्यूत तीन किलो गेलं ते धरून. आता ६० वर आहे आणि गेली कित्येक वर्षं तिथेच आहे.

तेव्हा मार्गशीर्षापर्यंत १० किलो वाढणार नाही. नीट खाल्लंस आणि आजपासून बैठका सुरू केल्यास तर तीन, फार तर चार किलो. पण त्यातलं बरंचसं खांद्या-मांडीवर असेल आणि फोटोत ते काट्यापेक्षा जास्त दिसतं. लग्नाचा कुर्ता शेवटच्या पंधरवड्यात शिवायला टाक आणि खांद्याचं माप आताच्या शर्टावरून देऊ नकोस.