‘मुलींना मी सांगते, पण मला सांगणारं कोण?’

जव्हार तालुक्यातली ही वाचक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाड्यावरून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. ती लिहिते: ‘दहावी-बारावीच्या मुली फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. मला मात्र कोणी मार्गदर्शक नाही. बाबा म्हणतात, हे सोड आणि तलाठी भरतीचा अभ्यास कर.’

बाबांचं निम्मं ऐक. घरात दरमहा पगार येणं म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तलाठी भरतीला पदवी लागतेच, तेव्हा अभ्यास सुरू ठेव. मुलींचं काम मात्र सोडू नकोस, फक्त एकटीने ओढू नकोस. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म तू भरून देण्यापेक्षा बारावीच्या दोघींना शेजारी बसवून त्यांच्याकडून भरून घे. पुढच्या वर्षी दहावीच्या मुलींना त्या बघतील. जात वैधता प्रमाणपत्राचं काम अकरावीतच सुरू करायला लाव. आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे शोधण्यातच महिने जातात, आणि ऐन नर्सिंगच्या प्रवेशावेळी रडायची पाळी येते. तुझा कुठला कागद कुठे अडला होता, ते वहीत लिहून ठेव. ती वही त्यांना कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगी पडेल.

आता तुझा मार्गदर्शक. सगळं सांगणारा एकच माणूस शोधत बसशील तर बसूनच राहशील. भरतीबद्दल वसतिगृहातल्या सीनियरला विचार, गावच्या कामाबद्दल ग्रामसभेत न घाबरता बोलणाऱ्या एखाद्या मावशीला. त्यांची पदवी बघू नकोस. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं जपायचं काम त्यांनी आधी स्वतः सुरू केलं, ‘बायफ’ या संस्थेची साथ नंतर मिळाली, पद्मश्री त्याहून पुढे. काम दिसलं की मदत करणारे भेटतात, असा माझा तरी अनुभव आहे.

अठरा पूर्ण झाली असशील आणि मतदार यादीत नाव असेल, तर तू ग्रामसभेची सदस्य आहेसच. निवडणूक लढवायला एकवीस लागतात, त्याची आत्ता घाई नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते; बऱ्याच ठिकाणी ती नुसती कागदावर उरकतात. तुमच्याकडे कधी असते ते ग्रामसेवकांना विचार आणि मावशीसोबत जा. पहिल्यांदा एकच विषय ने, तोही लेखी: कॉलेजच्या वेळेला एसटी नाही. ठराव झाला की त्याची प्रत मागून घे, कारण जव्हार आगारात नुसत्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.