चेकॉव्हच्या देशात स्पेन कुठून आलं?

प्रश्न : माझी भाची मॉस्कोत शिकते. तिच्या मैत्रिणी नाट्यशाळेत आहेत. पदवीच्या प्रयोगासाठी त्यांनी चेकॉव्ह सोडून स्पॅनिश नाटककार लोर्काचं नाटक निवडलं. रशियन मुलांना स्पेनची एवढी ओढ का?

उत्तर : ताई, मॉस्कोत रशियन शिकताना मलाही हाच प्रश्न पडला होता. लोर्काच्या 'बेर्नार्दा आल्बाचं घर'ची एक तालीम बघितली आणि बरंच उलगडलं. या नाटकात रंगमंचावर फक्त बायका येतात. वर्गात मुली जास्त असल्या की प्रत्येकीला कस लागेल असं काम मिळतं. हे झालं व्यवहाराचं कारण.

पण मुलींना धाकात ठेवणाऱ्या आईचा, बेर्नार्दाचा, पहिला शब्द 'गप्प' आणि शेवटचाही 'गप्प'. शिकवणाऱ्या बाईंनी बेर्नार्दा करणाऱ्या मुलीकडून तो पहिला शब्द वीसेक वेळा म्हणवून घेतला. आवाज चढवायचा नाही, काठी आपटायची नाही. शेवटी ती इतकं हळू म्हणाली, की शिवणकाम घेऊन बसलेल्या मुलीची सुई कापडातच थांबली. दटावून गप्प बसवलेलं घर रशियन मुलीला समजावून सांगावं लागत नाही, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं.

हे नातं जुनं आहे. 1876 मध्ये मॉस्कोच्या माली थिएटरात मारिया येर्मोलोवा या नटीनं जुना स्पॅनिश नाटककार लोपे दे वेगाच्या 'फुएंते ओवेहुना'त, म्हणजे त्याच नावाच्या गावाच्या नाटकात, नायिका लाउरेन्सिया केली. जुलमी सरदाराला गाव मारतं आणि छळ झाला तरी प्रत्येक जण एकच सांगतो : मारलं फुएंते ओवेहुनानं. गॅलरीतले विद्यार्थी पेटून उठले. नाटक लवकरच बंद झालं. पुढे 1930च्या दशकात लोर्का स्वतः 'ला बार्राका' ही विद्यार्थ्यांची नाटकमंडळी घेऊन स्पेनच्या खेड्यांत फिरला, तेव्हा त्याच्या गाठोड्यात हेही नाटक होतं!

लोपेची विनोदी नाटकं तर तिकडे घरचीच. त्यातल्या एकाच्या लोझिन्स्कीनं केलेल्या रशियन पद्यानुवादावरून यान फ्रिदनं 1977 मध्ये केलेला 'सोबाका ना सेने' ('गवतावरचा कुत्रा') हा चित्रपट आजही टीव्हीवर लागतो, त्यामुळे त्या ओळी मुलांच्या कानात असतात. शिकणाऱ्या नटाला लोपेसारखा गुरू नाही. भरधाव पद्य बोलायचं, तलवार चालवायची, नाचायचं, आणि दम लागलेला दिसू द्यायचा नाही.

भाचीनं प्रयोग बघितला असेल तर तिला एवढंच विचारा, त्यांच्या बेर्नार्दानं शेवटचा 'गप्प' कसा म्हटला? धाकटी मुलगी गेलेली असते तेव्हा. मला जरूर कळवा.