काही मिलिसेकंदच टिकणाऱ्या अणुकेंद्रकांचा झोत तयार कसा करतात? प्रयोगापर्यंत पोहोचायच्या आत ती नष्ट होत नाहीत का?

होतात की! बरीचशी वाटेतच संपतात. अशी केंद्रकं बनवणं त्या मानाने सोपं. ती वेळेत बाहेर काढताना खरा कस लागतो.

सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय संशोधन केंद्रातल्या आयसोल्डे प्रयोगशाळेत 1967 पासून हेच काम चालतं. युरेनियम कार्बाइडच्या जाड टार्गेटवर प्रोटॉन आदळले की शेकडो प्रकारची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) एकदम तयार होतात, पण सगळी टार्गेटमध्येच अडकलेली. म्हणून टार्गेट सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवून ठेवतात. अणू त्या सच्छिद्र पदार्थातून झिरपत बाहेर येतो आणि तापलेल्या नळीच्या भिंतींना चिकटत-सुटत पुढे सरकतो. तिथे त्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करायचा, 30 ते 60 किलोव्होल्टने बाहेर खेचायचा आणि चुंबकातून वळवून हवं ते वस्तुमान वेगळं काढायचं.

या सगळ्यात अर्धायुष्याइतकंच (निम्मी केंद्रकं नष्ट व्हायला लागणारा वेळ) रसायनशास्त्रही आडवं येतं. लिथियम-11चं अर्धायुष्य जेमतेम 9 मिलिसेकंद, तरी टँटलमच्या पातळ पत्र्यांतून ते निसटतं, कारण लिथियम, सोडियमसारखे अल्कली धातू सहज उडतात आणि तापलेल्या पृष्ठभागावर आपसूक इलेक्ट्रॉन सोडतात. टंगस्टनसारखी मूलद्रव्यं मात्र त्या भट्टीतही ढिम्म हलत नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो लेझरचा उपाय. दोन-तीन लेझर एकाच मूलद्रव्याच्या ऊर्जापातळ्यांशी जुळवले की त्याचेच अणू आयन होतात. त्याच वस्तुमानाची इतर मूलद्रव्यं लेझरला दाद देत नाहीत. (अल्कली तरीही घुसतात, ती कटकट कायमची.)

दुसरा मार्ग अगदी उलटा. जड आयनच प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने बेरिलियमच्या पातळ टार्गेटवर सोडायचे. तुकडे जवळपास त्याच वेगाने पुढे निघतात आणि चुंबकांतून निवडून मायक्रोसेकंदाच्या आत प्रयोगापाशी हजर. इथे रसायनाचा अडसरच नाही. जपानचं रिकेन, जर्मनीचं जीएसआय आणि अमेरिकेत 2022 मध्ये सुरू झालेलं एफ्रिब या प्रयोगशाळा याच पद्धतीने चालतात. लिथियम-11चं केंद्रक अपेक्षेपेक्षा खूपच मोठं आहे, हे इसाओ तानिहाता यांच्या गटाने 1985 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत अशाच झोताने दाखवलं.

अडचण एकच: हा झोत फार वेगवान आणि पसरट असतो. वस्तुमान नेमकं मोजायचं तर आयन जवळपास थांबलेला हवा. म्हणून हल्ली असे आयन हेलियम भरलेल्या पेटीत अडवतात. हेलियमचा इलेक्ट्रॉन काढायला सर्वाधिक ऊर्जा लागते. त्यामुळे वायू पुरेसा शुद्ध असेल तर आयनाचा विद्युतभार टिकतो आणि तो विद्युतक्षेत्राने पुन्हा बाहेर काढता येतो.