जुन्या निधनवार्तांची डिजिटल सूची करणाऱ्या स्वयंसेवकांत जावं का? रोज किती वेळ जातो? आणि आता एआय असताना माणसांनी हे करण्यात अर्थ आहे का?

जा. रोज अर्धा तास दिलात तरी पुष्कळ झालं. पैसे मिळत नाहीत. देवनागरी टाइप करता येत असेल आणि चष्म्याचा नंबर नवा असेल, तर बाकीचं आठवड्याभरात जमतं.

एआयचं म्हणाल, तर आमच्या नाशिकच्या गटाने तेही करून पाहिलं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अक्षरं झिजलेली असतात. ध आणि घ, भ आणि म, ख आणि रव यांत माणूसही अडखळतो. यंत्राने एका पानावर तीन धोंडूंचे तीन घोंडू केले आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. त्यात वर्तमानपत्राची घडी नेमकी आडनावावरून गेलेली असते. यंत्राला पहिला हात मारू द्यावा, पण वाचायला माणूस लागतोच.

मी सुरुवात केली ती अमेरिकेच्या निधनवार्तांपासून. लॉकडाऊनमध्ये भाच्याने फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडून दिलं. फुकट असतं. त्यामागची वंशावळ संस्था १८९४ पासून युटामध्ये वंशावळीच्या नोंदी जमवते आहे, आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मही त्यांनी केली आहे. तिकडच्या निधनवार्ता वाचताना मला पहिल्यांदा हेवा वाटला तो मुलींच्या नावांचा. प्रत्येक मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, कुठल्या गावात असते ते, सगळं छापलेलं. (अगदी जुन्या बातम्यांत तिकडेही ‘मिसेस’ पुढे नवऱ्याचंच नाव असतं, बाईचं स्वतःचं कुठेच नसतं. सगळीकडे माती सारखीच.)

मग इथे इंदिरानगरला आठ-दहा जणांचा गट जमला. कुणाच्या माळ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, कुणाच्या आजोबांनी कात्रणं वहीत चिकटवून ठेवली होती. फोनवर फोटो काढायचे आणि शीटमध्ये भरायचं: मृताचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, वय, मूळ गाव, निधनाची तारीख, छापल्याची तारीख, नातेवाईक आणि त्यांचं नातं. तारखेला फसू नका. ‘आज पहाटे निधन झाले’ यातला आज म्हणजे छापल्याचा दिवस नव्हे, आदला दिवस. तारीखच दिली नसेल तर दशक्रियेवरून मागे जायचं. ‘दशक्रिया विधी ता. १२ रोजी सकाळी ८ वा. रामकुंड’ असं असेल तर निधन ३ तारखेचं. रात्री उशिरा गेले असतील तर एक दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून आम्ही पुढे ‘अंदाजे’ लिहितो.

आता खरं सांगायचं ते.

दोन वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यात माझ्या वडिलांची निधनवार्ता निघाली. १९९४ ची. ती कशी लिहिली गेली ते मला पाठ आहे, कारण मी तिथेच होते. पंचवटीतल्या वाड्याच्या ओसरीवर दादा स्टुलावर बसला होता, विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत होता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, दहाला वर्तमानपत्राची जाहिरातीची खिडकी बंद होणार होती आणि पैसे ओळींवर होते. त्याने आधी सगळी नावं लिहिली आणि मग पेन घेऊन काटायला लागला. मी म्हटलं, ताईचं, माझं आणि धाकटीचं राहू दे. तो मान वर न करता म्हणाला, “तुम्हाला ओळखत नाही असा कोण आहे गावात?”

छापून आलं ते असं: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ आणि खाली, ‘ते’ म्हणून दादाचं पूर्ण नाव, बँकेतला हुद्दा, धाकट्या भावाचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, ‘यांचे वडील होत.’ दुकानाच्या नावाला ओळ मिळाली. मी सासरी परत जाताना एसटीत तो कागद चार वेळा वाचला. ते दादाचे वडील होत. दुकानाचेही जवळजवळ वडीलच होत. आमचे कुणाचे होत ते काही छापलं नव्हतं.

तर ती नोंद माझ्यापुढे आली आणि मी नातेवाइकांच्या रकान्यात आम्हा तिघींची नावं घातली, सासरच्या आडनावांसकट. आईचंही घातलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. हात थरथरला वगैरे काही नाही. चांगलं ठासून टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याने तो रकाना लाल करून परत पाठवला. तपासणारा म्हणजे इंजिनीअरिंगचा पोरगा, माझ्या नातवाच्या वयाचा. शेजारी लिहिलं होतं, “काकू, हे छापलेलं नाही. कुठून घेतलं?”

मी फोन केला. म्हटलं, माझे वडील आहेत ते, तुला कुठून हवंय अजून? तो शांतपणे म्हणाला, “तुमचं खरंच असणार. पण उद्या कुणी जमिनीच्या भांडणात असलेला माणूस अशीच दोन नावं घालेल, आणि मग मी त्याला काय सांगू?” मी फोन ठेवला. दोन दिवस गटावर बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच दुरुस्त केलं: ‘पत्नी (नाव नाही). मुली – ३ (नावे नाहीत).’

पोराचं बरोबर होतं. जे छापलंय तेच टिपायचं, या कामात दुसरा नियमच नाही. तुम्हाला सामील व्हायचं असेल तर हे आधी पचवा. चूक दिसली तरी चूक तशीच टिपायची.

पण म्हणूनच माझं म्हणणं असं की सूची नंतर होते, खरी लढाई त्या रात्री ओसरीवर असते. वंशावळ शोधणारा पन्नास वर्षांनी येतो तेव्हा त्याला मुलग्यांची रांग मिळते आणि मुलींचा आकडा मिळतो. लग्नात नाव बदललेली बाई तर दोनदा हरवते. ‘पूर्वाश्रमीच्या’ हा एक शब्द आणि पुढे माहेरचं नाव, एवढं छापलं तरी दोन घराण्यांचा सांधा जुळतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उपाध्यायांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळ काढतात, पणजोबाची सही दाखवतात. आमच्या घरच्या पानावर मी पाहिलं, सह्या सगळ्या पुरुषांच्या. महापालिकेचा मृत्यूचा दाखला घ्या. १९६९ च्या कायद्याने २१ दिवसांत नोंद करायची असते, त्यात आईवडील आणि नवरा-बायको येतात, भावंडं आणि जावई येत नाहीत. ते गणगोत सापडतं ते फक्त निधनवार्तेत. तिथे काटाकाट केली की संपलं. घरात कुणी गेलं की मजकूर बायकांनी लिहावा, हे माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी पडले तर फोटो लहान करा.

दादाला हे मी आजवर सात-आठ वेळा ऐकवलंय. तो म्हणतो, त्या रात्री अमरधामहून येऊन मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. तेही खरं आहे.

आणि एक, जे आधी सांगायला हवं होतं. हयात माणसांची नावं सूचीत सगळ्यांना दिसतील अशी ठेवू नका. वय, गाव, आईचं माहेर, एवढ्यावर फसवणारे फोन येतात. आम्ही तो रकाना बंद ठेवतो, कुणी मागितला तर बोलून मग देतो. गटात जाण्याआधी ते याबाबत काय करतात ते विचारा. निधनवार्ता वारसाचा पुरावा म्हणून चालत नाही हेही लोकांना सांगावं लागतं, दर महिन्याला कुणीतरी त्यासाठी येतंच.

आई २०१९ मध्ये गेली. तेव्हा मजकूर मी लिहिला. दादा म्हणाला, लिही बाई. आईचं सासरचं नाव, पूर्वाश्रमीचं नाव, दोघे मुलगे, आम्ही तिघी, तिन्ही जावई, नातवंडं नावानिशी. बिल दुप्पट आलं, दादाने न बोलता निम्मं दिलं. सकाळी पेपर आला तेव्हा वहिनीने चहा ठेवता ठेवता तो वाचला. आईचं शेवटची अकरा वर्षं अंथरुणावरचं सगळं तिने केलं होतं. वाचला, घडी घातली, फ्रिजवर ठेवला. काही बोलली नाही.

गेल्या महिन्यात ती नोंद सूचीत भरायला माझ्याकडेच आली. सगळी नावं व्यवस्थित बसली. शेवटी टाइप केलं, ‘सुना – २ (नावे नाहीत).’ पोराने पहिल्याच फेरीत पास केली.