वाचकांचे प्रश्न: बादल्या दोन ठेवल्या, कचरा मात्र एकत्रच

या वेळी कचरा वेगळा करण्याबद्दल भरपूर पत्रं आली. सारखेच प्रश्न बऱ्याच जणांचे होते, त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न: ताई, आमच्या बिल्डिंगमध्ये ६० घरं आहेत. ओला-सुका वेगळा करा म्हणून लिफ्टमध्ये पोस्टर लावलं, ग्रुपवर रोज मेसेज टाकते, मीटिंगमध्ये सांगून घसा बसला, तरी निम्मी घरं एकाच पिशवीत सगळं कोंबून देतात. दंड लावावा का? (कमिटीतली एक वाचक)

दंडाचं नंतर बघू, आधी मला सांगा की वेगळा कचरा टाकायचा डबा ठेवलाय कुठे? बहुतेक ठिकाणी तो खाली, पार्किंगच्या पार मागे, जिथे संध्याकाळी दिवा पण नसतो. मग माणूस ऑफिसला निघताना हातातलं सगळं वाटेत दिसेल त्या पहिल्या डब्यात टाकतो आणि पुढे जातो, यात त्याचा वाईटपणा काही नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे चक्क मोजून पाहिलंय, २०१८ मध्ये छापून आलं. ओल्या कचऱ्याचे डबे तळमजल्यावरून उचलून प्रत्येक मजल्यावर ठेवले तर वेगळा जमा होणारा ओला कचरा ७० टक्क्यांनी वाढला. लोक तेच, बिल्डिंग तीच, डबा तेवढा जवळ आला.

घरात पण तेच आहे. ओल्याचा डबा सिंकजवळ, हात लांब केला की पोचेल असा, आणि मुद्दाम छोटा ठेवा म्हणजे तो रोज रिकामा करावाच लागतो. सुक्याला मोठी पिशवी दाराआड टांगली तरी चालते, आठवडाभर राहिली तरी वास येत नाही कारण त्यात ओलं काही गेलेलंच नसतं.

आता मेसेजचं. "निम्मे लोक अजून करत नाहीत, लाज वाटली पाहिजे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला एवढंच कळतं की न करणारे बरेच आहेत, मग मी एकटाच कशाला करू. त्यापेक्षा "या आठवड्यात ६० पैकी ३१ घरांनी वेगळा दिला" असं लिहा, पुढच्या आठवड्यात ३४ झाले तर ३४ लिहा, आणि आकडा खराच लिहा हं, खोटा लगेच ओळखू येतो. वेस्ली शुल्त्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात घरोघरी दारावर चिठ्ठ्या अडकवून हा प्रयोग केला होता, १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही घरांना नुसतं आवाहन, काहींना स्वतः किती रिसायकल केलं तो आकडा, काहींना वस्तीचा. ज्यांना आकडा कळत होता ती घरं जास्त रिसायकल करायला लागली, आणि चिठ्ठ्या बंद झाल्यावरही काही आठवडे ते टिकलं.

अजून एक, तुमचे मेसेज वाचतं कोण आणि कचरा बांधतं कोण? बऱ्याच घरांत ग्रुपवर एक माणूस असतो आणि पिशवी बांधणारे हात आजीचे नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींचे असतात, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. एक रविवार काढा, दारोदार जा, ज्यांचा हात डब्यात जातो त्यांच्याशीच पाच मिनिटं बोला.

आणि दंड म्हणाल तर अगदी शेवटी. दक्षिण कोरियात १९९५ पासून उरलेल्या कचऱ्यासाठी ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, म्हणजे जेवढा कचरा तेवढे पैसे, पण वेगळं करून दिलेल्या रिसायकलच्या वस्तूंना पैसे पडत नाहीत. म्हणजे पैसे वाचवायचा रस्ता तिथे समोर असतो. तसा रस्ता न देता नुसता दंड लावलात तर लोक रात्री गुपचूप पिशवी कोपऱ्यावर ठेवून येतील.

प्रश्न: आम्ही वेगळा करून देतो आणि गाडीत सगळं एकत्रच टाकतात, डोळ्यांनी बघितलंय. मग हा उपद्व्याप कशासाठी? (एक वैतागलेले काका)

काका, तुमचा राग मला पटतो, सगळ्यात जास्त लोक याच कारणाने सोडून देतात. पण आधी गाडीवाल्याला विचारा, काही गाड्यांना आत पार्टिशन असतं ते बाहेरून दिसत नाही. खरंच एकत्र करत असतील तर फोटो काढून, तारीख घालून लेखी तक्रार करा, आणि एकट्याने करू नका, दहा सह्या घेऊन जा. तोवर सुकं गाडीत देऊच नका, साठवून महिन्यातून एकदा भंगारवाल्याला द्या.

सुका कचरा निवडून वेगळा करतात अशा एका सॉर्टिंग शेडमध्ये मी एक सकाळ उभी होते. एक मावशी ढिगातून वह्या उचलत होत्या, पानं चिमटीत धरून बघायच्या आणि बाजूला टाकायच्या, चांगल्या जाडजूड वह्या पण खरकट्यात भिजून चिकटलेल्या. म्हणाल्या, "कोरड्या असत्या तर घेतल्या असत्या, आता या गेल्या." त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, कोणीतरी फुटकी काच तशीच पिशवीत टाकली होती. तेव्हापासून काच मी जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात "काच" लिहिते, तुम्ही पण लिहाच.

प्रश्न: प्लास्टिकवर त्रिकोणात नंबर असतो म्हणजे ते रिसायकल होतंच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार जणांचा आहे. १ ते ७ हे नंबर फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं ते सांगतात. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पूच्या बाटलीचं घट्ट एचडीपीई, ५ म्हणजे डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन. १ आणि २ ला सहसा गिऱ्हाईक मिळतं, ५ ला कुठे मिळतं कुठे नाही, आणि ७ म्हणजे "इतर", त्यात काहीही असू शकतं. आतून चंदेरी असलेली रॅपर बघा, त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही म्हणून ती कोणी घेत नाही. ॲल्युमिनियमचा नुसता कॅन मात्र सोनं समजा, खनिजापासून नवीन धातू बनवण्यापेक्षा तो वितळवून वापरला तर जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो नखाएवढा तुकडा पुढे कोणाच्याच हाताला लागत नाही, सरळ गटारात जातो.

प्रश्न: सुक्यातले प्लास्टिकचे डबे-पिशव्या धुवून द्यायच्या म्हणतात, मग पाणी वाया नाही का जात?

घासायचं नाहीये हो. भांडी विसळलेलं पाणी उरतंच, त्यात एकदा खळबळून उलटं ठेवायचं, बास. चिकटपणा गेला आणि कोरडं झालं की झालं.

प्रश्न: घरी खत करायला घेतलं, पंधरा दिवसांत घाण वास आणि अळ्या. बंद करू का?

बंद करू नका, ओलं जास्त झालंय एवढंच. हवा मिळाली नाही की आतले जंतू वेगळ्या पद्धतीने कुजवतात, त्याचाच तो वास. कचरा डेपोच्या ढिगात पण हेच मोठ्या प्रमाणावर होतं आणि तिथे मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटीहून जास्त उष्णता धरतो, म्हणून तर ओलं घरातच जिरवलं की मला एवढा आनंद होतो. आज सगळं बाहेर काढा, डब्याला खालून आणि बाजूने भोकं आहेत का बघा, आणि ओल्याच्या दुप्पट वाळकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळून परत भरा. दोन दिवसांआड ढवळा. मूठभर घेऊन दाबलं की बोटं ओलसर व्हावीत पण पाणी टपकायला नको. अळ्या त्रास देत नाहीत, उलट खाऊन काम लवकर उरकतात, नको वाटल्या तर वर कोरड्या मातीचा थर द्या. आणि आठवडाभराने वास कसा येतोय ते मला कळवा.